सांगायचं किती, राखायचं किती

बाकी पुस्तकांची शिफारस करताना आपण बोलत सुटतो. कथानक सांगतो, आवडलेला प्रसंग रंगवतो, शेवट कसा चटका लावतो तेही सांगून टाकतो. ऐकणाऱ्याचं त्यात फारसं बिघडत नाही. रहस्यकादंबरीचा चाहता मात्र जीभ आवरूनच तिची स्तुती करू शकतो. पुस्तकभिशीत एखादीने ‘द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड’चं नाव काढलं, की वाचलेल्या सगळ्याजणी एकमेकींकडे बघून हसतात. न वाचलेलीच्या वाट्याला एवढंच येतं : ‘आधी वाच, मग बोलू.’

तेवढ्यानेही बरंच फुटतं. ‘शेवटी असा धक्का बसतो की बस!’ असं कुणी उत्साहाने बोलून गेलं, तरी घात झालाच. मग वाचक पहिल्या पानापासून धक्क्याची वाट बघतो, दार उघडणाऱ्या नोकरावरही संशय घेतो. त्याचा भाबडेपणा सरतो, आणि लेखकाचं सारं कसब तर त्या भाबडेपणावरच उभं असतं. अगाथा ख्रिस्तींची ही कादंबरी १९२६ साली आली, तेव्हा लेखिका वाचकाशी सचोटीने वागली का, यावर वाद झाला. पुढे तीनच वर्षांत रोनाल्ड नॉक्स या धर्मगुरूने रहस्यकथेचे दहा नियम मांडले. धागेदोरे वाचकापासून दडवायचे नाहीत, हा त्यातला एक. लेखकाने काय सांगितलंच पाहिजे ते असं ठरलं. वाचकाने दुसऱ्या वाचकाला काय सांगू नये, हे ज्याच्या त्याच्या विवेकावर राहिलं. ख्रिस्तींच्याच ‘द माउसट्रॅप’ या १९५२ साली लंडनमध्ये सुरू झालेल्या नाटकाच्या अखेरीस तर प्रेक्षकांना विनंतीच केली जाते, की खुनी कोण ते बाहेर सांगू नका. तिकीट काढून आलेला माणूस गुपिताचा राखणदार होऊन घरी जातो.

आपल्या परंपरेला ही राखण नवखी आहे. कीर्तनाला बसलेल्या आजीला आख्यान तोंडपाठ असतं, तरी सीतेच्या विरहाला तिचे डोळे भरून येतात. शेवट माहीत असल्याने रस उणावत नाही. मराठीत रहस्यकथा घरोघरी नेणाऱ्या बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक पुस्तकं लिहिली. त्यांची शिफारस करायला झुंजार किंवा काळा पहाड, एवढं नाव पुरे होई. वाचक ओळखीच्या नायकाला भेटायला जात होता. गुपित हे त्या भेटीचं निमित्त.

मग गुपित काढून घेतल्यावर शिफारस करण्याजोगं काय उरतं? डब्ल्यू. एच. ऑडेन हा कवी रहस्यकथांचा व्यसनी. १९४८ सालच्या निबंधात त्याने कबूल केलं, की गोष्ट संपताच ती विसरायला होते आणि पुन्हा वाचावीशी वाटत नाही. पुष्कळ पुस्तकांबाबत ते खरंही आहे. पण विल्की कॉलिन्सची १८६८ सालची ‘द मूनस्टोन’ घ्या. श्रीरंगपट्टणच्या लुटीतला हिरा इंग्लंडात कुणी पळवला, हे काही वर्षांनी आठवत नाही. अडचण आली की ‘रॉबिन्सन क्रूसो’ उघडून कौल घेणारा म्हातारा कारभारी बेटरेज आठवतो. केइगो हिगाशिनोंच्या ‘द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स’मध्ये खून कुणी केला ते सुरुवातीलाच उघड होतं. पुस्तक खाली ठेववत नाही ते एका एकाकी गणितशिक्षकाच्या निष्ठेमुळे. जाणता वाचक शिफारस करतो ती या बेटरेजची, या शिक्षकाची. गुपिताला हात न लावता ज्याच्याविषयी तासभर बोलता येतं, ते पुस्तक दुसऱ्या वाचनालाही पुरतं.

तरी पहिल्या वाचनाची गोष्ट न्यारीच, आणि ते एकदाच मिळतं. म्हणून पुस्तक हाती दिल्यावर मैत्रीण रोज विचारते, ‘कुठवर आलीस?’ एरवी आपल्याला ठाऊक असलेलं समोरच्याला ठाऊक नसलं, की माणूस मिरवतो किंवा शिकवू लागतो. इथे तो दुसऱ्याचं अज्ञान जिवापाड जपतो. त्या अज्ञानात केवढं सुख होतं, हे ते हरवलेल्यालाच कळतं.