शिकाऊ कानांत सांगितलेले दुःख

मुंबईत १९३६ साली सर दोराबजी टाटांच्या नावाने समाजकार्याचे विद्यालय निघाले. १९५५ साली धर्मभगिनींच्या पुढाकाराने निर्मला निकेतन उभे राहिले. अशा संस्थांतील विद्यार्थी आठवड्यातून साधारण दोन दिवस क्षेत्रकार्यासाठी झोपडवस्तीत, रुग्णालयात वा बालगृहात जातात. तेथे त्यांच्यावर देखरेख करणारा पर्यवेक्षक असतो. त्याने प्रथम कुणाची बाजू राखावी, विद्यार्थ्याची की सेवार्थ्याची, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही.

शिंप्याकडचा पोरगा आधी चिंध्यांवर टाके घालतो. सेमिनरीतले विद्यार्थीसुद्धा खोट्या पापनिवेदनावर सराव करतात. दीक्षेपूर्वी खऱ्या पश्चात्तापदग्धाचे शब्द त्यांच्या कानी पडत नाहीत. समुपदेशनाच्या विद्यार्थ्याला वर्गातल्या सरावानंतर थोड्याच दिवसांत जिवंत माणसासमोर बसावे लागते. दुसरा मार्गही नाही, कारण खोटे रडणे ऐकून खरे रडणे कळत नाही. तेव्हा विद्यार्थ्याच्या शिक्षणाची काही किंमत नवऱ्याचा मार खाऊन आलेली बाई मोजत असते. तिला हे कुणी विचारलेले असते काय?

विद्यार्थी आपली ओळख 'संस्थेतून आलो आहे' एवढीच करून देतो. 'मी शिकतो आहे' म्हटले, तर बाई बोलायची नाही, अशी त्याला धास्ती असते. ती अगदीच निराधार नाही. तरीही पर्यवेक्षकाने येथे हट्ट धरावा, असे आमचे मत आहे. नकार द्यायची वाट ज्याला दाखवलेली नाही, त्याच्या बोलण्याला विश्वास हे नाव देता येणार नाही.

गुप्ततेच्या वचनाचेही तसेच. 'तुमचे बोलणे कुणालाही कळणार नाही' असे हा तरुण मोठ्या मनाने सांगतो आणि रात्री तोच संवाद, शक्य तितका शब्दशः, वहीत उतरवतो. ती वही पर्यवेक्षक वाचतो. शिवाय एखाद्या बालकाने आपल्यावरील लैंगिक अत्याचार सांगितला, तर २०१२ च्या कायद्यान्वये तो पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. पापनिवेदनाची मोहोर धर्मगुरूला आहे, समुपदेशकाला नाही. म्हणून वचन लहान द्यावे, पण पाळता येईल असे द्यावे. आणि तेही ऐकून घेण्याआधी, मागाहून नव्हे.

त्या वहीतून पर्यवेक्षकाला बाईपेक्षा विद्यार्थीच अधिक दिसतो. दारुड्या बापाच्या घरात वाढलेली मुलगी दारुड्या सेवार्थ्याला उपदेशच करू लागते. मग तिच्या घरची कहाणी विचारावी काय? कामापुरती विचारावी. गुण देण्याचा अधिकार ज्याच्या हाती आहे, त्याने विद्यार्थिनीचे मन उकलत बसणे आम्हांला रास्त वाटत नाही. तिला तशी गरज असेल, तर दुसरा समुपदेशक गाठून द्यावा.

सर्वांत उपेक्षित राहतो तो निरोप. वर्ष संपते, परीक्षा येतात, आणि दर मंगळवारी येणारा तरुण एकाएकी येईनासा होतो. एकट्या म्हातारीने दोन कप चहाचे आधण ठेवलेले असते. जाण्याची तारीख तिला महिनाभर आधी सांगणे, पुढे कोण येणार त्याची गाठ घालून देणे, आणि कुणीच येणार नसेल तर तसे स्पष्ट सांगणे, ही कामे कोणत्याही गुणपत्रिकेत बसत नाहीत. पर्यवेक्षकाने ती विद्यार्थ्याकडून करून घ्यावीत. सुट्टी पडल्यावर विद्यार्थी गावी निघून गेलाच, तर त्या मंगळवारी स्वतः म्हातारीच्या दाराशी जावे.