मोकळ्या जागेचें इमान

पुस्तक वाचतांना आपली दृष्टि अक्षरांवर असते. दोन परिच्छेदांच्या मध्यें जी मोकळी जागा असते तिच्याकडे कोणी पाहत नाहीं. पण एखाद्या पानावर ती जागा अर्ध्या बोटानें वाढली, कीं वाचणारा क्षणभर थबकतो. येथें कांहीं नवा विषय सुरू झाला काय, असें त्याला वाटतें. आणि तसें कांहीं नाहीं हें ध्यानांत आल्यावर त्याचा त्या पानावरचा विश्वास थोडासा उणा होतो. मोकळी जागा मुकी असली तरी निरर्थक नव्हे. सारखें अंतर म्हणजे सारखें नातें, असा तिचा अर्थ वाचक कोणी न शिकवितां लावीत असतो. म्हणून ती सारखी असावी हें कोणीहि मान्य करील. मला विचारावयाचें आहे तें याच्या पुढचें: ती सारखी दिसली म्हणजे पुरे काय, कीं ती सारखी असलीहि पाहिजे?

हा प्रश्न मला माझ्याच एका अपराधामुळें पडला. कांहीं वर्षांपूर्वीं एका संस्थेच्या वार्षिक अंकाचा साचा संगणकावर तयार करून देण्याचें काम मीं पत्करलें होतें. साचा अशासाठीं, कीं दरवर्षीं नव्या संपादकानें जुना मजकूर काढून नवा घालावा, आणि अंकाचें रूप मात्र तेंच राहावें. मजकुराच्या प्रत्येक ठोकळ्याच्या वर व खालीं किती अंतर ठेवावयाचें, हें नियम म्हणून एकदांच सांगून ठेवण्याची सोय संगणकांत असते. मला घाई होती. मीं तसें न करितां ठोकळ्यांच्या मध्यें रिकाम्या ओळी घातल्या. जेथें पान वाढत होतें तेथें रिकाम्या ओळीचें माप १४ पॉइंटांवरून ६ वर आणलें, जेथें कमी पडत होतें तेथें आणखी एक ओळ घातली. डोळ्यांना सर्व समतोल दिसेपर्यंत मीं हें केलें. अंक छापून आला, आणि मांडणीची वाहवा झाली.

पुढच्या वर्षीं तो साचा एका तरुणाच्या हातीं गेला. त्यानें मजकुराचें अक्षर १४ पॉइंटांऐवजीं १२ केलें व नवे लेख भरले. मजकूर आक्रसला, पण मीं हातानें माप बदललेल्या ओळी होत्या तशाच राहिल्या. एके ठिकाणीं दोन परिच्छेद एकमेकांना चिकटले, दुसरीकडे खिंडार पडलें. कुठें रिकामी ओळ सरकत जाऊन पानाच्या माथ्यावर बसली आणि तें पान शेजारच्या पानापेक्षां खालून सुरू झालें. शेवटच्या दोन रात्री त्यानें जागून काढल्या, तरी अंक ओबडधोबडच निघाला. समितीच्या बैठकींत एक वडीलधारे गृहस्थ त्याला म्हणाले, "अरे, गेल्या वर्षींचा अंक बघ, काम असें असावें." मी तेथेंच बसलों होतों. मी कांहीं बोललों नाहीं.

माझ्या मनानें तेव्हां माझी बाजू घेतली ती अशी: वाचकाला छापलेलें पान मिळतें, आणि तें मीं निर्दोष दिलें. आंत रिकाम्या ओळी होत्या कीं नियम होता, याच्याशीं त्याला काय करावयाचें? हा युक्तिवाद अगदींच पोकळ नाहीं. खिळ्यांच्या छापखान्यांत जुळारी ओळींच्या मध्यें शिशाच्या पातळ पट्ट्या घालीत असे. पान भरेना तर आणखी एखादी पट्टी सरकवीत असे. त्याला कोणी अप्रामाणिक म्हणणार नाहीं. छपाई झाली, कीं खिळे आपापल्या खणांत परत जात, पट्ट्या निघत, आणि त्या पानाचा हिशेब मिटत असे.

साच्याचा हिशेब असा मिटत नाहीं. पुढें जीं पानें व्हावयाचीं, त्यांच्याविषयीं दिलेलें तें एक वचन असतें. अंक चाळणाऱ्याला त्याचें पान मिळालें. पण साच्याचा खरा धनी होता तो पुढचा संपादक. त्याला मीं दिसणारी शिस्त दिली, आणि तिच्या बुडाशीं ती टिकविणारें कांहींच ठेवलें नाहीं. छापलेलीं दोन पानें हुबेहूब सारखीं असूं शकतात. एकावरचें अंतर नियमानें आलेलें, दुसऱ्यावरचें डोळ्यांनीं जमविलेलें. त्यांतील भेद एक ओळ बदलल्यावर कळतो. माणसाच्या शीलाचीहि हीच गोष्ट आहे. प्रसंग सांभाळून गोड वागणारा आणि मनानें सरळ असणारा हे सुखाच्या दिवसांत वेगळे ओळखूं येत नाहींत. पैशाची ओढ लागली, घरांत दुखणें आलें, कीं ओळखूं येतात.

यावर कोणी म्हणेल, कीं नियम आंधळा असतो आणि सौंदर्य डोळ्यांनाच कळतें. हें खरें आहे. मथळा आपल्या खालच्या मजकुराचा असतो. त्याच्या वर जास्त आणि खालीं कमी जागा हवी. दोन्हीकडे तेंच अंतर ठेवणारा नियम मथळ्याला अधांतरीं लटकावतो. देवनागरींत वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या व मात्रा एकमेकांना भिडतात, म्हणून रोमन लिपीसाठीं आंखलेलें अंतर तिला पुष्कळदां अपुरें पडतें. पण यावरून नियम अधिक विचारानें करावा, एवढेंच ठरतें. नियम बदलतांहि येतो. गुटेनबर्गच्या १४५५ च्या सुमाराच्या बायबलाच्या कांहीं प्रतींत आरंभींचीं पानें ४० ओळींचीं आहेत. पुढें ओळींमधली जागा कमी करून, मजकुराची उंची जवळजवळ तीच राखून, त्यांनीं ४२ ओळी बसविल्या. आणि एकदां ४२ ठरल्यावर शेंकडों पानें त्याच मापानें चालविलीं.

आजच्या साधनांच्या कर्त्यांनींहि हा विचार केला आहे. डोनाल्ड क्नूथ यांच्या १९७८ सालच्या 'टेक्' या अक्षरजुळणीच्या प्रणालींत अंतराला एक स्वाभाविक माप असतें, आणि गरज पडल्यास तें किती ताणावें व किती आक्रसावें हेंहि आधींच सांगून ठेवतां येतें. सीएसएस या १९९६ सालापासूनच्या नियमावलींत, वरच्या परिच्छेदानें खालीं मागितलेली जागा आणि खालच्यानें वर मागितलेली जागा यांची सामान्यतः बेरीज होत नाहीं. दोहोंतली मोठी तेवढी दिली जाते. आपल्याकडे दोन शेतांमधला बांध दोघांचाहि असतो आणि दोघेहि तो कोरीत असतात. येथें तंट्याच्या आधींच निवाडा लिहून ठेवला आहे. सवलत असावी, पण ती उघड सांगितलेली असावी, हें तत्त्व दोहोंत समान आहे. सवलत घेणें हा माझा दोष नव्हता; ती घेतल्याचें लपविलें, आणि तिचें फळ दुसऱ्याला भोगूं दिलें, हा होता.

पुढच्या बैठकीपर्यंत मला धीर झाला नाहीं. मग मात्र मीं समितीला खरें काय तें सांगितलें, आणि त्या तरुणाच्या शेजारीं बसून साच्यांतली प्रत्येक रिकामी ओळ काढून टाकली. एक दुपार पुरली. अंतरांचीं मापें नियमांत लिहितां लिहितां त्यानें विचारलें, "काका, पहिल्यानेंच असें कां नाहीं केलेंत?" मीं घाईचें कारण सांगितलें. तें खरें होतें, पण पुरें नव्हतें. आपल्या मागून त्या जागीं कोणी येऊन बसणार आहे, याचा मीं विचारच केला नव्हता. तो साचा आतां तोच सांभाळतो.