धनाचे रक्षण आणि जिवाचे मोल

बंगळुरूच्या शिवाजीनगरात रसेल मार्केटभोवती दुकानांची दाटी आहे. कष्टाने उभे केलेले दुकान कोणी फोडू लागला, तर त्याला रोखणे हा गृहस्थाचा धर्मच होय. पण धन वाचवण्यासाठी चोराचा प्राण घ्यावा का?

भारतीय न्याय संहिता, २०२३ च्या कलम ४१ ने ही मुभा मोजक्या प्रसंगी दिली आहे: जबरी चोरी, सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वीची घरफोडी, राहत्या घराला किंवा माल ठेवण्याच्या जागेला आग लावणे, आणि मृत्यूची वा जबर दुखापतीची रास्त भीती वाटावी अशी चोरी किंवा घुसखोरी. तेथेही कलम ३७ ची मर्यादा आहे. बचावाला लागेल त्याहून अधिक इजा करता येत नाही. पोलिसांचे संरक्षण मिळवण्याइतका अवधी असेल, तर हा हक्कच उरत नाही. म्हणून पकडून बांधलेल्या चोराला जमावाने मारणे हा गुन्हाच ठरतो.

स्मृतिकारांनी धन लुटणाऱ्याला आततायी म्हटले, हे खरे. पण बांधलेला माणूस कोणावर चालून येत नाही. त्यानंतर उठणारा हात क्रोधाचा असतो, आणि क्रोधातून बुद्धिनाश होतो, असे गीता सांगते.

गाझीपूरचे पवहारी बाबा पळणाऱ्या चोरामागे त्याने टाकलेले गाठोडे घेऊन धावले, ही कथा स्वामी विवेकानंद सांगत. गृहस्थाने एवढे करावे, अशी अपेक्षा नाही. हात उचलण्यापूर्वी साधकाने स्वतःला एवढेच विचारावे: धोका अजून आहे, की आता फक्त राग उरला आहे?