सायकलची साखळी आणि नकळत घडलेला दोष

जी गोष्ट मनुष्यास ठाऊकच नव्हती तिच्याबद्दल त्यास दोष देता येईल काय? हा प्रश्न फार जुना आहे, आणि बहुतेक लोक त्याचे उत्तर चटकन देऊन मोकळे होतात. "मला काय ठाऊक?" एवढे म्हटले की आपण सुटलो, असे आपणांस वाटते. आम्हांसही तसेच वाटत असे. परंतु एका अगदी साध्या वस्तूने आम्हांस ह्या उत्तराचा फेरविचार करावयास लावले. ती वस्तू म्हणजे सायकलची साखळी, जिला आपण सर्वजण चेन म्हणतो.

नंदुरबार जिल्ह्याच्या अक्कलकुवा तालुक्यात खापर हे गाव आहे. सातपुड्याच्या पायथ्याचा हा मुलूख असून गुजरातची हद्द तेथून जवळच आहे. अंकलेश्वरहून बऱ्हाणपुराकडे जाणारा रस्ता ह्याच गावावरून जातो, आणि त्यावर अवजड गाड्यांची ये-जा असते. एके दिवशी आम्ही शेजारच्या एका मुलास कॅरिअरवर बसवून त्या रस्त्याने चाललो होतो. चढ लागला म्हणून पायडलांवर उभे राहून जोर दिला, तोच चेन दात्यांवरून सटकली, पाय निसटला आणि आम्ही दोघेही रस्त्यावर पडलो. मागून येणाऱ्या मालमोटारीच्या चालकाने वेळीच गाडी थांबवली, म्हणून मुलाच्या गुडघ्याच्या खरचटण्यावरच निभावले.

चेन तर आठच दिवसांपूर्वी नवी घातलेली होती. आम्ही संतापून मिस्त्रीकडे गेलो, आणि चार लोकांदेखत त्यास म्हणालो की तू खोटा माल विकलास. त्या मनुष्याने उलट शब्द काढला नाही. त्याने सायकल उलटी केली, मागच्या चाकाच्या फ्रीव्हीलवर बोट ठेवले आणि म्हटले, "मास्तर, चेन नवीच आहे. पण हे दाते पाहा. फ्रीव्हीलही बदला असे मी त्या दिवशी म्हटले होते. तुम्हीच नको म्हणालात." आम्ही वाकून पाहिले. प्रत्येक दाता एका अंगाने झिजून आकड्यासारखा वाकडा दिसत होता. जुन्या चेनने तो तसा केला होता, आणि जुनी चेन वर्षानुवर्षे आम्हीच चालवली होती. ज्यास आम्ही लबाड म्हटले तो निर्दोष होता, आणि दोष आमच्याच घरी होता. आम्ही त्याच लोकांदेखत त्याची क्षमा मागितली. परंतु मनातला प्रश्न तेवढ्याने मिटला नाही. चेन झिजली आहे हे आम्हांस खरोखरच ठाऊक नव्हते. मग आमचा दोष तो कोणता?

ह्याचे उत्तर शोधण्यासाठी चेन झिजते म्हणजे काय होते हे प्रथम समजून घेऊ. सध्या सायकलींस असते तशी, पिना, नळ्या व फिरते रूळ असलेली साखळी मूळचे स्वित्झर्लंडचे हान्स रेनॉल्ड ह्यांनी इंग्लंडातील मँचेस्टर शहरी १८८० साली तयार केली. तिच्या एका पिनेपासून दुसऱ्या पिनेपर्यंतचे अंतर बरोबर अर्धा इंच असते. चेन ढिली झाली की लोक म्हणतात, "चेन ताणली." वास्तविक तिच्या पट्ट्या ताणल्या जात नाहीत. पिना आणि त्यांच्याभोवतालच्या नळ्या एकमेकींवर घासून बारीक होतात. तेलात धूळ मिसळली म्हणजे तर ते तेल वंगण न राहता कानशीच होते. उन्हाळ्यातील फुफाटा आणि पावसाळ्यातील चिखल ज्यांनी तुडविला आहे, त्यांस हे अधिक सांगावयास नको.

आता ही झीज किती असते ते पाहा. सुतारलोहार इंचाच्या आठव्या भागास सूत म्हणतात. चोवीस सांधे मिळून चेन अर्धे सूत वाढली म्हणजे ती बदलण्याची वेळ आली असे समजतात. अर्धे सूत चोवीस सांध्यांत वाटले, तर एकेका सांध्याच्या वाट्यास मिलिमीटरचा सुमारे पंधरावा भाग येतो. म्हणजे जवळजवळ एका केसाची जाडी. कोणताही एक सांधा काढून पाहिला तर त्यात काहीच बिघडलेले दिसणार नाही, आणि प्रत्येक सांधा "माझ्यात काय उणे आहे?" असे खुशाल म्हणू शकेल. तरी सर्व मिळून चेन निकामी झालेली असते. आपल्या आयुष्यातील पुष्कळ बिघाड असेच नाहीत काय? एका दिवसाचा उशीर, एक अर्धवट सांगितलेली गोष्ट, एका आठवड्याचा न लिहिलेला हिशेब ही एकेकटी घेतली तर केसाएवढी असतात. त्यांची बेरीज कोणी घेत नाही, म्हणून ती दिसत नाही.

दुसरी गोष्ट आम्हांस अधिक विचार करण्याजोगी वाटली. जुनी चेन आणि जुने दाते ह्यांचे एकमेकांशी उत्तम जमते. चेन जसजशी लांबते तसतसे दातेही तिच्या मापाने झिजत जातात, आणि दोघे मिळून बरीच वर्षे विनातक्रार चालतात. म्हणूनच आम्हांस काही कळले नाही. नवी, खऱ्या मापाची चेन घातली तेव्हाच भांडण दिसू लागले, आणि आम्ही दोष लावला तो त्या खऱ्या मापाला! ज्या घरात सर्वांस एकाच उणिवेची सवय झालेली असते तेथे शांतता असते. परंतु ती शांतता म्हणजे प्रकृती ठीक असल्याचा पुरावा नव्हे. अशा घरात एखादी सरळ मनाची सून आली, किंवा गावच्या पंचांत एखादा चोख हिशेबाचा मनुष्य आला की खटके उडू लागतात, आणि सर्वजण म्हणतात, "हा येण्यापूर्वी सगळे सुरळीत होते." सुरळीत होते हे खरे, पण ते कोणत्या मापाने?

तिसरी गोष्ट अशी की, चेन ढिली पडली म्हणजे आपण मागच्या चाकाचे नट सैल करून चाक मागे ओढतो, अथवा एक कडी काढून टाकतो. चेन पुन्हा ताठ दिसते आणि आपले समाधान होते. परंतु ढिलाई नाहीशी झाली म्हणजे झीज नाहीशी झाली असे नव्हे; तिची खूण तेवढी पुसली गेली. आम्ही स्वतः असे चाक दोनदा ओढले होते, हे येथे कबूल करणे भाग आहे. ज्या खुणेने आम्हांस सावध करावयाचे, तीच आम्ही आपल्या हाताने बुजविली, आणि पुढे म्हणालो, "आम्हांस ठाऊक नव्हते."

तेव्हा मूळ प्रश्नास आमचे उत्तर असे आहे. न कळणे दोन प्रकारचे असते. एक, जे कळण्याचा उपायच मनुष्याच्या हाती नव्हता. त्याबद्दल सदसद्विवेकबुद्धी त्यास दोष देत नाही, आणि इतरांनीही देऊ नये. दुसरे, जे कळून घेण्याचा उपाय घरात खुंटीला टांगलेला होता, पण तो हाती घेतला नाही. हे दुसरे न कळणे निरपराध नव्हे. विशेषतः आपल्या मागे कॅरिअरवर दुसरे कोणी बसलेले असते तेव्हा. एकट्याने पडणे ही आपली बाब म्हणता येईल. परंतु मागे बसलेल्या मुलाने चेन तपासलेली नसते. त्याने आपणांवर भरवसा ठेवलेला असतो.

कोणी म्हणेल, "आम्ही गरीब माणसे. नवी चेन घ्यावयास पैसे नाहीत. मग झीज मोजून दुःखच का वाढवावे?" हा आक्षेप खरा आहे आणि तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. पण ह्याचा हिशेबच उलट आहे. झीज वेळीच कळली तर एका चेनवर भागते. ती कळू दिली नाही, तर चेनबरोबर फ्रीव्हील आणि पुढचे चेनव्हील असा तिहेरी खर्च येतो. म्हणून मोजून पाहणे हे श्रीमंताचे चोचले नसून गरिबाची काटकसर आहे. आणि पैसे नसलेच, तरी जाणून असणारा मनुष्य चढावर उतरून चालतो आणि मागे मूल बसवीत नाही. न जाणणाऱ्यास एवढेही करता येत नाही.

दुसरा एखादा हळव्या मनाचा वाचक म्हणेल की, मग रोज उठून प्रत्येक गोष्टीची झीजच शोधीत बसावयाचे काय? तसेही नव्हे. झिजणे हा दोष नाही. चेन झिजते ती काम करते म्हणून. खुंटीवर टांगलेली चेन झिजत नाही, पण गंजते. मनुष्याचेही तसेच आहे. ठरलेल्या वेळी एकदा मोजावे, जे दिसेल ते मान्य करावे, आणि मग निर्धास्तपणे पायडल मारावे. सतत मागे वळून पाहणाराही रस्त्यावर पडतोच.

आता मोजण्याची रीत सांगून हा लेख संपवितो. सायकल स्टँडवर उभी करावी. चेन फडक्याने पुसून स्वच्छ करावी व पायडल किंचित दाबून वरची बाजू ताठ करावी. पोलादी फूटपट्टी किंवा टेप घ्यावी. टेपचे टोक हलते असते, म्हणून शून्यापासून न मोजता एक इंचाची खूण एका पिनेच्या मध्यावर धरावी. ती पीन पहिली समजून पंचविसावी पीन मोजावी. चेन नवी असल्यास तिचा मध्य बरोबर तेरा इंचांच्या खुणेवर येईल; म्हणजे मधले अंतर बारा इंच, अर्थात ३०४.८ मिलिमीटर भरेल. ते अर्धे सूत अधिक, म्हणजे सुमारे ३०६.४ मिलिमीटर भरले तर चेन बदलावी. दाते बहुधा अजून वाचलेले असतात. पूर्ण एक सूत अधिक, म्हणजे सुमारे ३०८ भरले, तर दातेही गेले असे समजून मिस्त्रीचे म्हणणे ऐकावे. टेप नसेल तर पुढच्या चेनव्हीलवरील चेन, अगदी पुढच्या बाजूस, चिमटीत धरून ओढावी. दात्यापासून ती बरीच सुटून मधून उजेड दिसू लागला तर झीज पुष्कळ झाली आहे. महिन्यातून एकदा हे केले तर पुरे. पाच मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही.

ज्यांच्या मुली सायकलवरून शाळेस जातात, त्यांनी आणि जे आमचे बंधू पाड्यापाड्यांतून सायकलवर फिरतात, त्यांनी हे आजच करावे अशी आमची विनंती आहे. मोजताना चेन चांगली निघाली तर आनंद आहे. झिजलेली निघाली, तर पट्टीवर रागावू नये आणि मिस्त्रीवरही रागावू नये. आम्ही तसे केले, आणि एका भल्या माणसास चार लोकांत खाली मान घालावयास लावली. त्याचे दुःख आम्हांस गुडघ्याच्या जखमेहून अधिक काळ होत राहिले आहे.