नदीचे देणे कोणत्या नाण्यात?

अनुदान हा शब्द आपल्या बोलण्यात इतका रुळला आहे की त्याच्या पोटात ‘दान’ दडलेले आहे, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. ठिबक संचाला अनुदान, विहिरीला अनुदान, पंपाच्या विजेला अनुदान. आणि गेल्या काही वर्षांत नदीला, नदीतील माशांना, काठावरच्या वन्य जीवांनाही शासकीय निधी मिळू लागला आहे. १९९५ मध्ये राष्ट्रीय नदी संवर्धन योजना आली, तेव्हा तिचा भर मुख्यतः शहरांचे सांडपाणी अडविण्यावर होता. २०१४ मध्ये ‘नमामि गंगे’साठी २०,००० कोटी रुपयांची तरतूद जाहीर झाली आणि तीत डॉल्फिन, कासव व मासे यांच्या जतनाचाही विचार झाला. २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेचा आकडा २०,०५० कोटींचा होता. नद्यांमध्ये मत्स्यबीज सोडणे हा तिचा एक भाग होता.

हे आकडे कानावर पडले की पारावर एक प्रश्न हमखास निघतो. जेथे माणसालाच पुरत नाही, तेथे माशाला कशासाठी? हा प्रश्न अडाणीपणाचा म्हणून उडवून लावणे सोपे आहे, पण ते योग्य नाही. सार्वजनिक पैसा मर्यादित असतो. शाळेच्या छपरावरचा रुपया नदीवर खर्च झाला, तर तो का झाला, हे विचारण्याचा अधिकार प्रत्येक नागरिकास आहे. या प्रश्नाला आपण कोणते उत्तर देतो, यावर त्या पैशाचे पुढे काय होणार, हेही बरेचसे अवलंबून असते.

सामान्यतः दोन उत्तरे दिली जातात. पहिले उपयुक्ततेचे. मासा हे गरिबाचे अन्न आहे, निरोगी नदी गावाला पाणी देते, रान राहिले तर पर्यटक येतो. म्हणून हा खर्च म्हणजे गुंतवणूक आहे. हे उत्तर खोटे नाही, पण अपुरे आहे. ज्या जीवाचा माणसाला काहीच उपयोग नाही, त्याचा हक्क या हिशेबात आपोआप शून्य ठरतो. आणि अधिक नफ्याचा दुसरा उद्योग दिसताच नदीचा क्रमांक खाली सरकतो. दुसरे उत्तर भूतदयेचे. मुक्या जीवांवर दया करावी, हा आपल्याकडील संतपरंपरेचा संस्कार आहे आणि तो थोरच आहे. तथापि दया ही देणाऱ्याच्या मनःस्थितीवर आणि त्याच्या सुकाळावर अवलंबून असते. दुष्काळाच्या वर्षी दयेचा हात प्रथम आखडतो. आणि नदीला नेमकी त्याच वर्षी सर्वाधिक गरज असते.

तिसरे उत्तर आपल्याच परंपरेत आहे, ते ऋणाचे. गृहस्थाने नित्य करावयाच्या पंचमहायज्ञांत भूतयज्ञ सांगितला आहे. स्वतः जेवण्यापूर्वी अन्नाचा एक भाग इतर जीवांसाठी काढून ठेवायचा, हे त्याचे स्वरूप. आपल्या घरांत गोग्रास आणि काकबळी या रूपांनी तो अनेक पिढ्या टिकला. या आचारातील धार्मिक श्रद्धा क्षणभर बाजूला ठेवली, तरी त्याचा क्रम विचार करण्याजोगा आहे. तो भाग जेवण झाल्यावर उरलेल्यातून काढायचा नसतो. पान वाढताना आधी काढायचा असतो. उरलेले देणे ही दया होय. आधी बाजूला काढणे ही ऋणाची जाणीव होय. नदीला दिला जाणारा निधी जर ऋणाची फेड असेल, तर त्याला दानाचे नियम लागू होत नाहीत, कर्जाचे लागतात. कर्जाविषयी व्यवहारी माणूस तीन गोष्टी विचारतो: काय घेतले, कोणत्या नाण्यात फेडायचे, आणि फेडायचे कोणी?

प्रथम काय घेतले ते पाहू. कन्हान सातपुड्यात उगम पावते, रामाकोन्यावरून आपल्या सौंसर तालुक्यातून जाते आणि पुढे नागपूर जिल्ह्यात उतरते. पांढुर्ण्याची जाम नदी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमारीमुळे सर्वांच्या तोंडी असते. एरवी तिच्याकडे लक्ष जाते ते पूर आला किंवा पाणी आटले तेव्हाच. पावसाळा सरला की अशा नद्यांना वरून पाणी मिळत नाही. त्या वाहतात त्या भूगर्भात मुरलेल्या पाण्याच्या झिरप्यावर. काठच्या जमिनीतील पाण्याची पातळी पात्राहून उंच असेल तोवर नदीला पाझर मिळतो. ती पात्राच्या खाली गेली की उलट नदीचेच पाणी जमिनीत शिरू लागते. उन्हाळ्यात पात्र ठिकठिकाणी उघडे पडले तरी मरळ, वाम, शिंगाडा, दाडक हे मासे डोहांत तग धरतात आणि पहिल्या पुराबरोबर पुन्हा सर्वत्र पसरतात. त्यामुळे एक डोह आटला, तर त्याच्या वरच्या व खालच्या पट्ट्यातील पुढच्या वर्षीचे बीज जाते. खंड्या, बगळे, रात्री पाण्यावर येणारी जनावरे यांचेही तेच. रेती उपसली की पाणी धरून ठेवणारी गादी जाते आणि अनेक माशांची अंडी घालण्याची जागाही जाते.

आपण संत्र्याच्या मुलखात राहतो. ज्या बागांनी आपली घरे उभी केली, मुलांना नागपूर-जबलपूरच्या महाविद्यालयांत पाठविले, त्या बागा विहिरींच्या आणि पुढे कूपनलिकांच्या पाण्यावर वाढल्या. ते पाणी आपल्या शेताच्या सीमेत लागले म्हणून आपण ते आपले मानले. कायद्यानेही बहुतांशी तसेच मानले. परंतु भूगर्भाला बांध नसतो. विहिरीतून उपसलेल्या पाण्याचा काही अंश नदीचा पाझर होणार होता. यात चोरी नाही, कारण कोणी लपवून घेतलेले नाही. उसनवारी मात्र आहे.

आता नाण्याचा प्रश्न. शेजाऱ्याकडून पायलीभर ज्वारी उसनी आणली, तर ज्वारीच परत करावी लागते. सुगी नसताना त्याच्या हाती रुपये ठेवले, तर त्याच्या घरची चूल पेटत नाही. नदीचे तसेच आहे. तिच्याकडून पाणी, रेती, खोली आणि वाट घेतली. परत मात्र बहुधा पैसा जातो, आणि त्या पैशातून घाट, संरक्षक भिंती, शोभेचे दिवे उभे राहतात. गंगेवरील फरक्का बंधारा १९७५ मध्ये कार्यान्वित झाला आणि समुद्रातून वर चढून अलाहाबादपर्यंत, आजच्या प्रयागराजपर्यंत, पोचणाऱ्या हिलसा माशाची वाट अडली. ‘नमामि गंगे’च्या निधीतून हिलसा पकडून बंधाऱ्याच्या वरच्या बाजूस सोडण्याचे काम हाती घेण्यात आले. प्रयत्न प्रामाणिक आहे. पण जी वाट मासा शतकानुशतके स्वतः चालत होता, ती आता त्याला माणसाच्या हातातून पार करावी लागते. आपल्या राज्याचेच पाहा. मध्य प्रदेशाने २०११ मध्ये महाशीर हा राज्यमासा घोषित केला. महाशीराला वाहते, स्वच्छ, खडेगोट्यांचे पाणी लागते. मान देता आला. ते पाणी देणे अधिक कठीण आहे.

योग्य नाण्यात फेड होऊ शकते, याचे उदाहरण मात्र आपल्या वाटेवरच आहे. नागपूरहून शिवनीकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४४ पेंचच्या जंगलातून रुंद करावयाचा होता. रस्त्याने श्वापदांची वाट तोडली जाणार होती. बराच वाद झाल्यानंतर महाराष्ट्राच्या हद्दीत ५० ते ७५० मीटर लांबीचे नऊ पूल व भुयारी मार्ग वन्य प्राण्यांसाठी बांधण्यात आले. आणि भारतीय वन्यजीव संस्थेने लावलेल्या कॅमेऱ्यांत वाघासह अनेक प्राणी त्यांखालून जाताना नोंदले गेले. वाट घेतली होती, वाटच परत केली. पैसा तेथेही लागला, पण तो केवळ साधन राहिला.

तिसरा प्रश्न सर्वांत अवघड. फेडायचे कोणी? पेंच नदीवर तोतलाडोहचे धरण झाले. वीज आणि पाणी दूरवर गेले. सभोवतीचे रान राष्ट्रीय उद्यान झाले आणि तेथे पूर्वी राहणाऱ्या आदिवासींसाठी जलाशयातील मासेमारी हा पोटाचा आधार उरला. मध्य प्रदेश शासनाने त्यांना दिलेल्या ३०५ परवान्यांविरुद्ध प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १९९७ च्या निर्णयात न्यायालयाने परवाने रद्द केले नाहीत. व्याघ्र प्रकल्पाचे रक्षण आवश्यक आहे, पण या लोकांच्या जगण्याचाही विचार झाला पाहिजे, असे त्याने मानले. मात्र छायाचित्रासह ओळखपत्र, ठरलेली वाट, विस्तव न पेटविणे, रोजच्या मासळीची नोंद अशी बंधने घातली. ही बंधने अनाठायी होती असे नव्हे. परंतु त्या जलाशयाच्या विजेवर ज्यांचे दिवे लागले, त्या आम्हा-तुम्हाला कोणी ओळखपत्र मागितले नाही. ज्याने सर्वांत कमी घेतले, त्याच्याच दारात वसुली सर्वांत आधी पोचली. निसर्गरक्षणाविषयी गरिबाच्या मनात जी अढी बसते, तिचे मूळ येथे आहे. आणि ‘माशाला कशासाठी’ या पारावरच्या प्रश्नामागेही पुष्कळदा हीच जखम असते.

याच्या उलट अनुभव वैनगंगेच्या खोऱ्यात आहे. भंडारा-गोंदियाच्या माजी मालगुजारी तलावांत बेशरमाचे रान माजले, बाहेरून आणलेले मत्स्यबीज वर्षानुवर्षे सोडले गेले आणि देशी मासे घटत गेले. अर्जुनी-मोरगाव परिसरातील ढीवर समाजाने, त्यातही स्त्रियांनी पुढाकार घेऊन, बेशरम उपटले, उन्हाळ्यात तलावाचा तळ नांगरला, कोणत्या पाणवनस्पतीत कोणता मासा अंडी घालतो हे जुन्या जाणत्यांकडून समजून घेऊन त्या वनस्पती पुन्हा लावल्या. देशी मासे परतले, पाठोपाठ पक्षीही आले. येथे मासेमाराला बाहेर काढून तलाव वाचविला नाही. त्याच्याच ज्ञानाने वाचविला.

परदेशातील एक दाखला येथे उपयोगी पडेल. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरील एल्व्हा नदीवर १९१३ व १९२७ मध्ये पुरी झालेली दोन धरणे सॅमन माशांची वाट अडवून उभी होती. तेथील क्लॅलम आदिवासींचे जीवन त्या माशावर अवलंबून होते. १९९२ मध्ये तेथील संसदेने नदी पूर्ववत करण्याचा कायदा केला. २०११ ते २०१४ या काळात दोन्ही धरणे काढण्यात आली, एकूण खर्च सुमारे ३२.५ कोटी डॉलर झाला, आणि सॅमन पुन्हा वर चढू लागला. आपणही धरणे पाडावीत, असा याचा अर्थ नाही. तोतलाडोहचे पाणी नागपूर पिते. २०१९ च्या टंचाईत त्या शहराला दिवसाआड पाणी मिळू लागले, तेव्हा धरणाचे मोल सर्वांना कळले. दाखल्याचा बोध एवढाच की, निधीचा मोठेपणा रकमेत नसून नदीला तिचे काय परत मिळाले, यात असतो.

धरणे राहतील आणि बागाही राहतील, मग परत काय करता येईल? भूतयज्ञाचा क्रम पाळता येईल. ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेने केंद्र शासनाने गंगेच्या वरच्या पट्ट्यात नदीत किमान किती प्रवाह सोडावा, हे ऋतुमानाप्रमाणे २० ते ३० टक्के असे ठरवून दिले. ती अधिसूचना गंगेपुरती आहे. पण तिच्यामागचे तत्त्व कन्हानलाही लागू पडते: नदीचा वाटा आधी काढावा, मग वाटणी करावी.

येथे बागायतदार विचारील, चैत्र-वैशाखात माझी झाडे वाळू द्यायची काय? या प्रश्नाचे उत्तर संत्र्याच्या शेतीतच आहे. ज्याच्या विहिरीला उन्हाळ्यात पाणी पुरते तो आंबिया बहार धरतो. ज्याला पुरत नाही तो उन्हाळ्यात झाडांना ताण देऊन मृग बहार घेतो. म्हणजे पाणी पाहून इच्छा आवरण्याची विद्या आपणास नवी नाही. उरते एवढेच की, विहिरीचे पाणी मोजताना नदी हीही आपली एक बाग आहे असे धरावे. ठिबकामुळे पाणी वाचते. पण वाचलेल्या पाण्यावर आणखी झाडे लावली, तर नदीच्या वाट्याला थेंबही येत नाही. शासनाचेही तसेच आहे. एका हाताने उपसा स्वस्त करायचा आणि दुसऱ्या हाताने आटलेल्या नदीसाठी निधी द्यायचा, या दोन खात्यांचा मेळ कोणीतरी घातला पाहिजे.

१९५६ मध्ये जुने मध्य प्रदेश राज्य मोडले, विदर्भ तिकडे गेला आणि आपण इकडे राहिलो. २०२३ मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला आणि सौंसर त्यात आले. या सगळ्या रेषांमधून कन्हान वाहत राहिली. कामठीच्या परिसरात पेंच तिला आजही मिळते. आपल्या भाषेने सीमा ओलांडून नाते टिकविले, याचा आपणास रास्त अभिमान आहे. उद्या कन्हान-जामसाठी एखादा निधी आला, तर त्याच्या फलकावर किती कोटी लिहिले आहेत हे वाचून थांबू नये. कोणता डोह वैशाखात भरलेला राहील, त्यासाठी कोणाच्या विहिरी किती उपसा कमी करतील, आणि काठावरच्या ढिमर-भोयांना त्या कामात कोणते स्थान असेल, हे ग्रामसभेत विचारावे. आणि दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देताना प्रत्येकाने आपल्या विहिरीपासून आरंभ करावा.