प्रमाण या शब्दाचे दोन अर्थ

माघ शुद्ध पंचमीला कोलकात्यातील शाळा-महाविद्यालयांत सरस्वतीची मूर्ती बसते, फरशीवर तांदळाच्या पिठाची आल्पना रेखली जाते आणि विद्यार्थी आपली पुस्तके देवीच्या पायाशी ठेवून त्या दिवसापुरते वाचन बंद करतात. देवीच्या हाती पुस्तक असते आणि वीणाही असते. म्हणजे शास्त्र आणि कला यांची अधिष्ठात्री एकच आहे, असे परंपरेने मानले आहे. विद्यापीठाच्या हिशेबात मात्र हे ऐक्य टिकत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये चार वर्षांच्या पदवीसाठी जो आराखडा दिला, त्यात व्याख्यानाच्या १५ तासांना मिळणारा एक श्रेयांक प्रात्यक्षिकाला ३० तासांनंतर मिळतो, मग ते प्रात्यक्षिक प्रयोगशाळेतले असो वा चित्रशाळेतले. व्याख्यानामागे घरचा अभ्यास गृहीत धरलेला असतो, असे या हिशेबाचे समर्थन करता येते. परंतु हाताने काम करणारा विद्यार्थी घरी गेल्यावर विचार करत नसावा, हे गृहीतक त्याच समर्थनात दडलेले आहे. कला हे ज्ञान आहे की केवळ कौशल्य, या जुन्या तात्त्विक प्रश्नाला अशा रीतीने वेळापत्रकाने परस्पर उत्तर देऊन टाकले आहे.

हा प्रश्न कोलकात्याच्या पूर्वेला, राजारहाटची भातशेती आणि पाणथळ जमीन भरून वसवलेल्या न्यू टाउनमध्ये विचारणे अनेक अर्थांनी उचित ठरते. तेथे उच्चशिक्षणाच्या निरनिराळ्या परंपरा एकमेकींच्या शेजारी आल्या आहेत. १७८० साली वॉरन हेस्टिंग्जने स्थापन केलेल्या कलकत्ता मदरशाचा वारसा सांगणारे आलिया विद्यापीठ, १८१७ च्या हिंदू कॉलेजपर्यंत मूळ नेणाऱ्या प्रेसिडेन्सी विद्यापीठाचा दुसरा परिसर, जेझुइट परंपरेतले सेंट झेवियर्स विद्यापीठ आणि भगिनी निवेदितांच्या नावाने उभे राहिलेले एक तरुण खासगी विद्यापीठ, ही सर्व या एका वसाहतीत आहेत. त्यांपैकी निवेदितांचे नाव या प्रश्नाच्या थेट गाभ्याशी नेते, कारण वेदान्ताची दीक्षा घेतलेल्या या विदुषीने चित्रकलेला जे स्थान दिले, ते वेदान्ताच्या रूढ मांडणीत सहज बसणारे नाही.

शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रांवरील भाष्यात ज्ञान आणि कर्म यांच्यात एक काटेकोर भेद केला आहे. कर्म हे पुरुषतंत्र, म्हणजे करणाऱ्याच्या अधीन असते. गावाला घोड्यावरून जावे, पायी जावे किंवा जाऊच नये, हे जाणाऱ्याच्या इच्छेवर अवलंबून राहते. ज्ञान मात्र वस्तुतंत्र, म्हणजे वस्तूच्या अधीन असते. समोर खांब असेल तर तो खांबच आहे, पाहणाऱ्याच्या मर्जीने त्याचा माणूस होत नाही. हा निकष कलेला लावला तर निर्णय तिच्या विरुद्ध जातो असे प्रथमदर्शनी वाटते. चित्र काढावे की न काढावे, लाल रंग घ्यावा की पिवळा, हे सर्व चित्रकाराच्या हाती असल्यामुळे चित्र हे कर्म ठरते आणि कर्मातून ज्ञान उपजत नाही, असा या भूमिकेचा निष्कर्ष निघतो. कलेला दुय्यम मानणाऱ्या आधुनिक शिक्षणतज्ज्ञाला शांकरभाष्य ठाऊक नसले, तरी त्याचा युक्तिवाद बहुधा याच वळणाचा असतो: चित्रकाराला जे वाटते ते तो काढतो, तेव्हा त्यात बरोबर-चूक असे काय ठरवायचे?

या युक्तिवादाला उत्तर देणारी एक घटना महाराष्ट्राच्या भूमीवर घडली. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करण्याचे काम क्रिस्टियाना हेरिंगहॅम या इंग्रज चित्रकर्तीने हाती घेतले, तेव्हा १९०९-१० च्या हिवाळ्यात निवेदितांच्या आग्रहाने अवनींद्रनाथ ठाकुरांचे काही शिष्य तिच्या मदतीला कोलकात्याहून आले. त्यांत नंदलाल बसू आणि असितकुमार हालदार होते. त्याआधी रॉबर्ट गिल याने वर्षानुवर्षे खपून केलेल्या नकलांचा मोठा भाग १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाला होता, आणि पुढे मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली केलेल्या नकलांपैकीही कित्येक लंडनमध्येच आगीच्या भक्ष्यस्थानी पडल्या होत्या. तरीही तिसऱ्यांदा कोणी तरी लेण्यांच्या अर्धवट अंधारात कागद घेऊन उभे राहिले, ही गोष्ट केवळ जतनाच्या गरजेने पुरती उलगडत नाही.

नक्कल करणाऱ्याला स्वातंत्र्य जवळजवळ नसते. पद्मपाणीच्या भुवईची रेषा जेथे वळते तेथेच वळावी लागते, आणि कागदावरची रेषा चुकली तर ती कोणाच्याही आवडीनिवडीमुळे बरोबर ठरत नाही. चित्र काढायला बसणे ही क्रिया पुरुषतंत्र आहे, यात शंका नाही. परंतु बसल्यानंतर डोळा आणि हात यांना जो जाब द्यावा लागतो, तो वस्तूला द्यावा लागतो. शंकराचार्यांचा निकष येथे खोटा पडत नाही, उलट तोच कलेच्या बाजूने साक्ष देतो. ज्ञान वस्तुतंत्र असते हे मान्य केले, तर वस्तूपुढे नमते घेण्याची जी शिस्त नंदलालांनी अजिंठ्यात घेतली, तिला केवळ हस्तकौशल्य म्हणून बाजूला सारणे अवघड होते. १९२२ पासून शांतिनिकेतनच्या कलाभवनाची धुरा नंदलालांकडे आली आणि कोल्हापूरचे विनायक मासोजी तेथेच शिकून पुढे तेथेच शिकवू लागले, म्हणजे महाराष्ट्रातील लेण्यांतून बंगालमध्ये गेलेली ही शिस्त पुन्हा मराठी हाती आली.

या शिस्तीत नेमके काय कळते, हे न्यायदर्शनाच्या परिभाषेत अधिक स्पष्ट होते. नैयायिक प्रत्यक्षाचे दोन टप्पे मानतात: निर्विकल्पक, म्हणजे नाव, जात वा गुण यांची जोड अद्याप न लागलेले, आणि सविकल्पक, म्हणजे ‘हा हात आहे’ असे नामासहित झालेले. चित्रशाळेत पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला स्वतःचा डावा हात काढायला सांगितला, तर तो सहसा पाच बोटे काढतो, कारण हाताला पाच बोटे असतात हे त्याला ठाऊक असते. त्याच्या डोळ्यांना त्या कोनातून तीनच बोटे दिसत असतात, चौथ्याचे केवळ पेर आणि अंगठ्याची कड. तो हाताचे नाव रेखत असतो, हात नव्हे. निर्विकल्पक प्रत्यक्ष अनुमानानेच मानावे लागते, त्याची थेट जाणीव होत नाही, असे नव्य नैयायिक म्हणतात. म्हणून चित्रकार त्या अवस्थेला पोहोचतो असा दावा करणे अतिरेकाचे होईल. परंतु नावाने झाकलेली वस्तू पुन्हा उघडी करण्याचे काम तो करतो, आणि तसे करताना चुकला तर चूक कागदावर उरते, हे नाकारता येत नाही.

यशोधराने कामसूत्रावरील ‘जयमंगला’ टीकेत चित्राची सहा अंगे सांगितली आहेत: रूपभेद, प्रमाण, भाव, लावण्ययोजना, सादृश्य आणि वर्णिकाभंग. त्यांतील दुसऱ्या अंगाचे नाव आणि तर्कशास्त्रातील ज्ञानसाधनाचे नाव एकच आहे. चित्रात प्रमाण म्हणजे अवयवांचे माप, तर्कात प्रमाण म्हणजे यथार्थ ज्ञानाचे साधन. दोन्हीकडे धातू ‘मा’, म्हणजे मोजणे. षडंगांवर स्वतंत्र विवेचन लिहिणाऱ्या अवनींद्रनाथांनीही या अंगाचा अर्थ फूटपट्टीच्या मापापुरता ठेवला नाही. यथार्थ जाणणारी मनाची शक्ती त्यांना त्यात अभिप्रेत होती. शब्दसाम्याने सिद्धान्त सिद्ध होत नाही, हे खरे. तथापि ज्या भाषेने माप आणि ज्ञान यांना एकाच घरात ठेवले, तिने कौशल्य आणि ज्ञान यांच्यात आजच्याइतकी जाड भिंत उभारली नव्हती, एवढे तरी यातून दिसते.

नकलेपुरते हे मान्य केले तरी नवनिर्मितीचे काय, हा आक्षेप शिल्लक राहतो. विष्णुधर्मोत्तर पुराणात त्याचे उत्तर सूचित झाले आहे. वज्र राजाला मूर्तिशास्त्र शिकायचे असते. मार्कंडेय ऋषी त्याला सांगतात की चित्रसूत्र जाणल्याशिवाय मूर्ती कळणार नाही, नृत्य जाणल्याशिवाय चित्र, वाद्य जाणल्याशिवाय नृत्य आणि गीत जाणल्याशिवाय वाद्य. नवे घडवणाऱ्याला समोरच्या एका वस्तूचा जाब नसतो, पण तोल, लय आणि गती यांचा असतो, आणि तो जाब त्याला शेजारच्या कलेतून शिकावा लागतो.

लहान विद्यापीठाचे महत्त्व येथे येते, आणि ते विद्यार्थीसंख्येपेक्षा अंतराशी निगडित आहे. चित्राच्या विद्यार्थ्याला अंगण ओलांडून नृत्याच्या तालमीत बसता यावे आणि त्याच्या पाठीमागे उभे राहून ‘हे बोट पुन्हा पाहा’ म्हणायला शिक्षकाला सवड असावी, एवढे अंतर. मात्र हीच जवळीक घातकही ठरते. जेथे एकाच गुरूची नजर सर्वांच्या पाठीवर असते, तेथे वस्तूच्या जागी गुरूची शैली येऊन बसते. अवनींद्रनाथांच्या परंपरेतील पुढच्या कित्येक चित्रांत धूसर रंगांची जी सवय उरली, ती अशाच अनुकरणातून आली. अशा ठिकाणी कला खरोखरच पुरुषतंत्र होते, आणि तिला अर्धा श्रेयांक देणाऱ्याची बाजू बळकट होते. कलेचे ज्ञानत्व तिच्या नावात नाही, ती जाब कोणाला देते यात आहे.

महाराष्ट्रात दसऱ्याला पाटीपूजन होते, तेव्हा अक्षरओळखही पुरती न झालेले मूल पाटीवर एकाच्या आकड्यांची सरस्वती काढते. आकडे एकावर एक कलते मांडत गेले की देवीची आकृती उभी राहते. तेथे प्रत्येक ‘१’ हा अंकही असतो आणि रेघही. तो उलटा पडला तर अंक म्हणून चुकतो, जास्त कलला तर सरस्वती वाकडी होते, आणि दोन्ही चुका मूल एकाच ओल्या फडक्याने पुसते.