थांबवण्याचा अधिकार

'प्रगती' या शब्दाच्या पोटातच गती आहे. त्यामुळे असेल कदाचित, पण यंत्राविषयी बोलायला लागलो की आपण वेगाविषयीच बोलत राहतो. पूर्वी एका पाळीत इतके नग निघत, आता त्याच्या चौपट निघतात. पूर्वी ऑपरेशननंतर रोगी पंधरा दिवस खाटेवर पडून असे, आता तिसऱ्या दिवशी घरी येतो. मोटार तर म्हणे चालकावाचून धावू लागली आहे. हे सारे खरे आहे आणि कौतुकाचेही आहे. मला मात्र काही वर्षे एक निराळाच प्रश्न छळतो आहे. यंत्र चालते कसे हे समजावून सांगणारे पुष्कळ भेटतात. पण ते थांबवायचे कोणी? आणि ज्याच्या हाती थांबवणे होते त्याने ते थांबवले नाही, तर दोष कोणाच्या पदरात घालायचा?

मी काही यंत्रशास्त्राचा माणूस नव्हे. तत्त्वज्ञान घेऊन एम. ए. झालो आणि पुढचे आयुष्य शाळेच्या घंटेबरोबर गेले. पण हा प्रश्न एकट्या इंजिनिअरवर सोपवून चालणार नाही असे मला वाटते, कारण तो मुळात नीतीचा आहे.

शहापूर-वडगावच्या गल्ल्यांतून ज्यांचे बालपण गेले, त्यांना मागाचा खटखटाट वेगळा सांगायला नको. एक उभा धागा तुटला आणि विणकराचे लक्ष नसले तर कापडात शेवटपर्यंत ओळ पडत जाते. माग काही थांबत नाही, त्याला कसले कळते आहे! म्हणून मागाशेजारी डोळ्यांत तेल घालून माणूस उभा ठेवावा लागे. जपानमधल्या साकिची टोयोडा नावाच्या गृहस्थाने या उभे राहण्याचाच विचार केला. त्याच्या कारखान्यातला १९२४ सालचा माग असा होता की, कांडीतले सूत संपत आले की चालता चालता धोटा बदलायचा आणि उभा धागा तुटला की आपोआप बंद पडायचा. एका कामगाराला मग कितीतरी माग सांभाळता येऊ लागले. १९२९ साली इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्स या माग बनवणाऱ्या जुन्या कंपनीने त्याचे हक्क विकत घेतले. मँचेस्टरच्या परिसरातल्या लोकांनी जपानकडून मागाची विद्या विकत घ्यावी, हे त्या काळी नवलच होते.

टोयोडांच्या मुलाने पुढे मोटारींचा कारखाना काढला, आणि मागातली ही बुद्धी तिथे माणसांच्या हाती दिली गेली. गाड्या जोडण्याच्या रांगेवर डोक्यावरून एक दोरी गेलेली असते. एखादा भाग नीट बसत नाही असे दिसले की साध्या कामगारानेही ती ओढावी. दिवा लागतो, मुकादम धावत येतो, आणि ठरलेल्या वेळात दोष निघाला नाही तर सबंध रांग थांबते. मला या व्यवस्थेत नोकरशाहीला न परवडणारी एक गोष्ट दिसते. ज्याला दोष सर्वांत आधी दिसतो त्याच्याच हाती थांबवणे दिलेले आहे. आपल्याकडे 'अधिकार' हा शब्द शास्त्रात पात्रता या अर्थाने येतो आणि कचेरीत सत्ता या अर्थाने. त्या दोरीत हे दोन्ही अर्थ एकत्र आले आहेत.

याच्या उलट उदाहरण दवाखान्यातले आहे. कॅनडाच्या ॲटॉमिक एनर्जी या सरकारी कंपनीने थेराक-२५ नावाचे कर्करोगावर किरणोपचार करणारे यंत्र काढले. आधीच्या यंत्रांत किरणांचा मारा चुकीचा होऊ लागला तर तो अडवणारे खटके होते, लोखंडाचे, हाताला लागणारे. नव्या यंत्रात ते काम संगणकाच्या आज्ञावलीवर सोपवले गेले. १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका व कॅनडात मिळून सहा रोग्यांना ठरलेल्या मात्रेच्या कितीतरी पट किरण बसले आणि त्यांतले निदान तिघे त्यापायी दगावले. टेक्ससमधल्या टायलर गावी मार्च १९८६ मध्ये यंत्र चालवणाऱ्या बाईंनी एक अक्षर चुकून दाबले, लगेच दुरुस्त केले. त्या सरावाने इतक्या भरभर काम करीत की यंत्राच्या आतल्या मांडणीला त्या दुरुस्तीचा पत्ताच लागला नाही. पडद्यावर आले, 'बिघाड ५४'. या आकड्याचा अर्थ चालवणाऱ्यांच्या पुस्तकात कुठे दिलेला नव्हता. असले बिघाड त्या यंत्रावर रोजच उमटत, आणि 'पुढे चालू' म्हणून एक कळ दाबली की काम सुरू होई. बाईंनी ती कळ दाबली. आत टेबलावरचा रोगी वेदनेने उठू पाहत होता. पण त्याच्याशी बोलण्याची आणि त्याला पाहण्याची, दोन्ही साधने त्या दिवशी बंद होती.

आता या बाईंना काय म्हणायचे? थांबवण्याचा अधिकार त्यांना कागदोपत्री होता. पण रोज खोटी ओरड करणाऱ्या यंत्रापुढे बसवून आणि त्या ओरडण्याचा अर्थ न सांगता दिलेला अधिकार म्हणजे कुलुपाची किल्ली न देता दिलेले घर. पुढची गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. त्याच दवाखान्यातल्या भौतिकशास्त्रज्ञांनी या बाईंनाच बरोबर घेतले, त्यांनी त्या दिवशी कळा कशा दाबल्या ते आठवून पुन्हा पुन्हा तसेच करून पाहिले, आणि 'बिघाड ५४' हुकमी उमटवून दाखवला. दोष सापडला तो तिच्या बोटांच्या आठवणीतून.

उद्यमबागेतल्या एका कारखान्यात काम करणारा माझा एक जुना विद्यार्थी गणपतीत घरी आला होता. प्रेसवर काम करतो. प्रेसला दोन बटणे असतात, दोन्ही हातांनी एकदम दाबल्याशिवाय ठोका पडत नाही. हेतू हा की हात साच्यात राहूच नयेत. त्याने सांगितले, "सर, एक बटण आम्ही पाचर मारून दाबून ठेवतो. दुसऱ्या हाताने माल सरकवता येतो. नाहीतर नग पुरे होत नाहीत."

"अरे, आणि सुपरवायझर?"

"पाचर त्यांनीच दिली, सर."

मी त्याला विचारले की यंत्रावर लाल बटण असेलच की. आहे म्हणाला. ते दाबले तर सगळ्या ओळीचे काम तुंबते आणि कोणी दाबले ते सगळ्यांना कळते. यंत्राच्या पडद्यावर सूचना येतात त्या इंग्रजीत. त्याच्या शेजारचा गडी कन्नड शाळेत सातवीपर्यंत शिकलेला, हा आमच्याकडे दहावी झालेला. सूचना आली की दोघे एकमेकांकडे पाहतात आणि 'ओके' दाबतात. आपल्या भागात भाषेवरून आजवर काय काय झाले ते मी सांगायला नको. पाटी कोणत्या भाषेत असावी यावर आपण पिढ्यान्पिढ्या भांडलो. त्या दोघांपुढची पाटी मात्र दोघांच्याही भाषेत नाही, आणि त्याविषयी कोणाचाही मोर्चा निघालेला मला आठवत नाही.

कायद्याने याचा विचार केला नव्हता असे नाही. भोपाळला डिसेंबर १९८४ मध्ये विषारी वायू सुटला तेव्हा टाकी थंड ठेवणारी यंत्रणा आधीपासूनच बंद होती आणि सुटलेला वायू जाळून टाकणारा मनोराही कामाला येण्याच्या स्थितीत नव्हता. त्यानंतर १९४८ च्या कारखाना कायद्यात १९८७ साली दुरुस्ती होऊन, धोक्याच्या उद्योगातील कामगाराला जिवावरचे संकट दिसले तर ते मालक-व्यवस्थापकांच्या नजरेस आणून देण्याचा हक्क मिळाला. नजरेस आणून देण्याचा. यंत्र थांबवण्याचा नव्हे. माझ्यासारख्या भाषेच्या माणसाला या दोन क्रियापदांतले अंतर फार मोठे वाटते.

मोटारीचे प्रकरण आणखी गुंतागुंतीचे आहे. १८ मार्च २०१८ च्या रात्री अमेरिकेत ॲरिझोनातील टेम्पी येथे उबर कंपनीची स्वयंचलित चाचणीगाडी सायकल ढकलत रस्ता ओलांडणाऱ्या एका स्त्रीवर गेली आणि ती स्त्री मरण पावली. गाडीच्या यंत्रणेला साडेपाच सेकंदांहून अधिक आधी पुढे काहीतरी आहे हे कळले होते. ते वाहन आहे, सायकल आहे की आणखी काही, हे तिचे ठरेना. मूळ व्होल्वो गाडीत आपोआप ब्रेक लावण्याची सोय होती. पण गाडी संगणकाच्या ताब्यात असताना ती कंपनीने बंद ठेवली होती, का तर गाडी उगाच दचके खाऊ नये म्हणून. आणीबाणीत ब्रेक लावायचा तो चालकाच्या जागेवर बसलेल्या माणसाने. आणि लावण्याची वेळ आली आहे हे त्याला सांगण्याची तरतूद यंत्रणेत नव्हती. तो माणूस त्या वेळी मोबाइलवर कार्यक्रम पाहत होता. कंपनीवर फौजदारी खटला होऊ शकत नाही असे सरकारी वकिलांनी २०१९ मध्ये ठरवले. चालकाने २०२३ साली गुन्हा कबूल केला आणि त्याला तीन वर्षे देखरेखीखाली राहण्याची शिक्षा झाली.

मोबाइल पाहणे हा गुन्हाच, त्यात शंका नाही. पण तासन् तास काहीही न करता, काहीतरी होईल म्हणून सावध बसणे हे मनुष्यस्वभावाला किती अवघड आहे, हे परीक्षेत पर्यवेक्षण केलेल्या कोणत्याही शिक्षकाला विचारा. टोयोडांनी मागाशेजारच्या माणसाला ज्या पहाऱ्यातून सोडवले, त्याच पहाऱ्यावर शंभर वर्षांनी आपण माणसाला पुन्हा बसवले, आणि चूक झाल्यावर पहारेकरी तेवढा पकडला.

यावर कोणी म्हणेल, मग थांबवणेही यंत्रावरच सोपवा. काही ठिकाणी ते योग्यच आहे. मधुमेह्यांच्या अंगावर बसवायचा एक इन्शुलिन पंप २०१३ साली अमेरिकेत मंजूर झाला. रक्तातली साखर धोक्याच्या खाली गेली आणि रोग्याने इशाऱ्याला उत्तर दिले नाही, तर तो स्वतःच इन्शुलिन थांबवतो. झोपेत शुद्ध हरपलेल्या पोराला कळ दाबता येत नाही, हे तो बनवणाऱ्यांनी ओळखले. आपल्या रेल्वेची 'कवच' यंत्रणाही चालकाने लाल सिग्नल ओलांडला तर ब्रेक लावते. इथे यंत्राने माणसाचा अधिकार काढून घेतला असे मी म्हणणार नाही. माणूस जिथे असमर्थ होतो तिथे ते उभे राहते. उबरच्या गाडीत नेमकी हीच सोय होती आणि ती काढून टाकली होती.

दुसरा आक्षेप अधिक खरा आहे. ज्याला त्याला थांबवण्याचा अधिकार दिला तर काहीच चालणार नाही. आपल्या आगगाडीतली साखळीच पाहा. प्रत्येक डब्यात, तिसऱ्या वर्गाच्या काळापासून, कोणाही उतारूच्या हाताला येईल अशी. ओढली की ब्रेकच्या नळीतला दाब बदलतो आणि गाडी थांबते. इतका मोठा अधिकार इतक्या सामान्य माणसाला देणारे दुसरे यंत्र माझ्या पाहण्यात नाही. आणि तिचा उपयोग आपण काय करतो? घराजवळ उतरायला मिळावे म्हणून ओढतो, फलाटावर राहिलेल्या मेव्हण्यासाठी ओढतो. म्हणून १९८९ च्या रेल्वे कायद्याने पुरेशा कारणावाचून ओढणाऱ्याला हजार रुपयांपर्यंत दंड किंवा वर्षापर्यंत कैद ठेवली. तरीही रेल्वेने साखळी काढून टाकली नाही, हे मला विशेष वाटते. पुरेसे कारण होते की नव्हते ते गाडी थांबल्यावर ठरते. ओढणाऱ्याला मात्र ते आधी ठरवायचे असते, दंडाची पाटी डोळ्यांसमोर असताना. माझ्या विद्यार्थ्यापुढच्या लाल बटणावर अशी पाटी नाही. दंड मात्र आहे, आणि तो किती हे कुठेच लिहिलेले नाही.

आमच्या शाळेत प्रयोगशाळेपुरता एक नियम मी गेल्या वर्षीपासून केला आहे. कोणत्याही मुलाने 'थांबा' म्हटले, किंवा 'निल्लिसि' म्हटले, की सर्वांनी आपापले स्पिरिटचे दिवे विझवायचे आणि मग काय झाले ते विचारायचे. त्याने उगाच म्हटले असे निघाले तरी त्या तासापुरते त्याला कोणी रागवायचे नाही. पहिले पंधरा दिवस कोणीच बोलले नाही. मग एकाने नुसती गंमत म्हणून म्हटले, दोघांनी गंमत म्हणून, आणि चौथ्या वेळी आठवीतल्या एका मुलीने म्हटले तेव्हा शेजारच्या टेबलावर परीक्षानळीला खरोखरच तडा गेलेला होता. विज्ञानाचे शिक्षक अजून कुरकुरतात. दर आठवड्याला एखादा प्रयोग अर्धवट राहतो म्हणतात, आणि ते खरेच आहे.